कडीची जोखीम

शाखेत सगळे त्यांना शून्यसाहेब म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. दर तिमाहीला मुख्य कार्यालयाकडून एक तक्ता येई. तीन महिन्यांत शाखेत काय चुकलं, काय मोडलं, त्यात बँकेचं किती नुकसान झालं, हे त्यात भरायचं असे. मॅनेजरसाहेब प्रत्येक रकान्यात एक सुबक गोल शून्य काढून तो परत पाठवत. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तिथे दुसरा आकडा लिहिला नव्हता. काही घडतच नव्हतं अशातला भाग नाही. नोटा मोजायच्या यंत्राने एकदा एका नोटेचे तीन तुकडे करून ते तीन नोटा म्हणून मोजले होते. पण साहेबांना तक्रार आवडत नाही हे ठाऊक असल्यामुळे कुठलीही भानगड त्यांच्या टेबलापर्यंत पोचायच्या आतच मिटवली जाई.

म्हणूनच बाथरूमची आतली कडी अडकते, ही गोष्ट शाखेत सगळ्यांना माहीत होती आणि साहेबांना नव्हती. दार किंचित वर उचलायचं, गुडघ्याने रेटायचं आणि मग कडी ओढायची. नव्या माणसाला पहिल्या दिवशी आधी ही युक्ती शिकवत आणि मग कॉम्प्युटरचा पासवर्ड देत.

महिन्याचा पहिला सोमवार होता. तिजोरीला दोन किल्ल्या लागत. एक साहेबांकडे असे, दुसरी कॅशियरबाईंकडे, आणि दोन्ही एकदम फिरवल्याशिवाय दार हलत नसे. पावणेदहाला साहेब "आलोच" म्हणाले आणि किल्ली खिशात घेऊन बाथरूमला गेले.

दहाला शाखा उघडली. कॅशियरबाई आपली किल्ली हातात धरून तिजोरीपाशी उभ्या राहिल्या. काउंटरसमोर रांग लागली. सगळ्यात पुढे बेकरीवाल्या काकू होत्या. त्यांचं नव्या भट्टीचं कर्ज मंजूर झालं होतं आणि त्या सह्या करायला आल्या होत्या.

साहेब आतून पहिली दहा मिनिटं नुसते खाकरले. मॅनेजरने ओरडावं हे त्यांना शोभेसं वाटेना. मग त्यांनी दारावर एका बोटाने टकटक केली. अखेरीस, "कोणी आहे का तिकडे?" असं त्यांनी फोनवर बोलावं तशा आवाजात विचारलं. ते ऐकायला बाहेर कोणी नव्हतं, कारण सगळी शाखा त्यांना शोधायला रस्त्यावर गेली होती.

साडेदहाला कॅशियरबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला.

"साहेब, आत आहात का?"

"आहे."

"दार वर उचला. गुडघ्याने रेटा."

आतून धडपडीचे आवाज आले आणि मग काहीतरी तुटल्याचा. "बाई, कडीची मूठ माझ्या हातात आली," साहेब म्हणाले.

"बरं, मग किल्ली तरी दाराखालून सरकवा. बाहेर चाळीस माणसं उभी आहेत."

"किल्ली हातातून हातात द्यायची असते. तसा नियम आहे."

"नियम करणारा आत अडकला नव्हता, साहेब."

"तरी नियम तो नियम."

शेवटी बेकरीवाल्या काकूच रांग सोडून गेल्या आणि शेजारच्या गल्लीतून सुताराला घेऊन आल्या. सुताराने बिजागऱ्या काढून दार बाजूला ठेवलं. साहेब घामाघूम होऊन बाहेर आले, चाळीस माणसांसमोरून शांतपणे चालत गेले आणि तिजोरीत किल्ली घालत म्हणाले, "चला." सुताराने नवी कडी बसवली, तीनशे घेतले. एका ग्राहकाचा हप्ता उशिरा भरला गेला, त्याचा चाळीसचा दंड बँकेने सोसला. झालं एवढंच.

त्या तिमाहीच्या तक्त्यातही साहेबांनी शून्यच लिहिलं असतं. पण रांगेतल्या कोणीतरी मुख्य कार्यालयाला तक्रार धाडली होती. आठवड्याभरात तिकडून जोखीम विभागाच्या अधिकारी बाई आल्या. वयाने साहेबांच्या मुलीएवढ्या, आवाज मऊ, हातात लॅपटॉप. त्यांनी आधी बाथरूम पाहिलं, मग कडी चार वेळा उघडून लावली आणि साहेबांसमोर येऊन बसल्या.

"साहेब, तुमच्या शाखेची दहा वर्षांची माहिती शून्य आहे."

"आहेच मुळी," साहेब जरा सैलावून म्हणाले.

"शून्याचं आम्हाला काही करता येत नाही. कशानेही गुणलं तरी शून्यच येतं. मग आम्ही असं धरतो, की माणूस सांगत नाही." त्या कॅशियरबाईंकडे वळल्या. "जुनी कडी याआधी किती वेळा अडकली असेल?"

कॅशियरबाईंनी साहेबांकडे पाहिलं, मग छताकडे. "पंधरा दिवसांतून एकदा तरी."

"म्हणजे वर्षाला सव्वीस. दहा वर्षांत दोनशे साठ." त्यांनी टाइप केलं. "नुकसान प्रत्येक वेळी तीनशे चाळीस धरू."

"अहो, बाकीच्या वेळी काहीच नुकसान झालं नाही," साहेब म्हणाले.

"नोंद आहे का तशी?"

नोंद नव्हती.

"आता ती कडी कुठून घेतली होती?"

"सगळ्या शाखांना एकाच ठेकेदाराकडून आल्या होत्या," कॅशियरबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना खरं बोलायचा मोहच आवरत नव्हता.

जोखीमबाईंची बोटं थांबली. "म्हणजे दोनशे बारा शाखांत तीच कडी आहे. मग सगळे मॅनेजर एकाच दिवशी, किल्ली खिशात असताना अडकू शकतात."

"एकाच दिवशी? असं कधी होईल?"

"हजार वर्षांतून एकदा. आम्ही तेच वर्ष मोजतो. त्या वर्षी बँक बुडू नये म्हणून आज स्वतःचं भांडवल बाजूला ठेवायचं, असा नियम आहे."

साहेबांनी नियम हा शब्द ऐकला आणि ते नरमले. तरी त्यांनी विचारून पाहिलं, "पण कडी हजार वर्षं टिकेल का?"

"टिकणार नाही हीच तर जोखीम आहे," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "मी फक्त मोजते, साहेब. किती घाबरायचं ते वरचे ठरवतात."

वरच्यांनी पंधरा दिवसांत ठरवलं. शाखेच्या वाट्याला एक कोटी सत्तर लाख भांडवल बाजूला काढायचं आलं. शाखेची कर्ज द्यायची मर्यादा तेवढ्याने कमी झाली, आणि ज्यांची रक्कम अजून हातात पडली नव्हती अशी मंजूर कर्जं स्थगित झाली. असं कर्ज शाखेत एकच होतं.

बेकरीवाल्या काकू पत्र घेऊन आल्या आणि न विचारता खुर्ची ओढून बसल्या.

"माझ्या भट्टीचा आणि तुमच्या कडीचा काय संबंध?"

साहेबांनी समजावलं. बँक दुसऱ्यांचे पैसे वापरते, म्हणून वाईट दिवसासाठी तिला स्वतःचे थोडे राखून ठेवावे लागतात. धोका जितका मोठा तितकी ती राखण मोठी, आणि राखण वाढली की कर्जाला पैसे कमी उरतात. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही पुन्हा आत अडकाल म्हणून माझे पैसे आत अडकलेत."

"जवळजवळ तसंच."

"पण नवी कडी बसवली की. मीच सुतार आणला."

"कडी नवी आहे. मागची दहा वर्षं जुनीच आहेत," साहेब म्हणाले आणि आपण हे काय बोललो याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

काकू उठल्या. "जुन्या भट्टीचं तोंड फुटलंय. थंडीच्या आत नवी बसली नाही तर मला कामावरच्या दोघी बायकांना घरी बसवावं लागेल. शिक्षण माझं बेताचं आहे, साहेब. पण तुम्ही तर सगळं शिकलेले. बघा काही जमलं तर."

ते वाक्य साहेबांना दिवसभर टोचत राहिलं. संध्याकाळी त्यांनी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच स्वतःहून जोखीम विभागाला फोन लावला.

"धोका तुमच्या आटोक्यात आहे हे दाखवा, आकडा खाली येतो," जोखीमबाई म्हणाल्या. "किल्ली घेऊन कोणी बाथरूमला जात नाही, याचा तीन महिन्यांचा पुरावा द्या."

"पुरावा कसा द्यायचा?"

"रजिस्टर ठेवा."

दुसऱ्या दिवशी लाल पुठ्ठ्याचं एक रजिस्टर कॅशियरबाईंच्या टेबलावर आलं. जाण्याची वेळ, किल्ली कोणाकडे दिली, येण्याची वेळ, किल्ली मिळाली, दोन सह्या आणि कारण. कारणाच्या रकान्यात पहिल्या दिवशी साहेबांनी 'कामानिमित्त' असं लिहिलं. कॅशियरबाईंनी ते वाचलं, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

साहेबांसारख्या माणसाने दिवसातून सात वेळा उठायचं, सगळ्या शाखेसमोर किल्ली द्यायची, घड्याळ बघून सही करायची आणि परत आल्यावर पुन्हा सही करायची, हे सोपं नव्हतं. पहिल्या आठवड्यात ते उठले की टायपिंगचा आवाज थांबायचा. दुसऱ्या आठवड्यात रांगेतले ग्राहकही वाट द्यायला लागले. एका म्हाताऱ्या पेन्शनरने तर, "सावकाश होऊ द्या, आम्हाला घाई नाही," असंही सांगितलं. साहेब घरी येऊन बायकोला म्हणाले, "लोकांची इज्जत तिजोरीत असते. माझी रजिस्टरात आहे."

"मग कमी जा की," बायको म्हणाली.

"प्रयत्न करून पाहिला."

पण त्यांनी एकही नोंद चुकवली नाही. तीन महिने पुरे झाले, रजिस्टरच्या प्रती मुख्य कार्यालयात गेल्या, आकडा उतरला, आणि एका बुधवारी बेकरीवाल्या काकूंना कर्जाची रक्कम मिळाली. काकूंनी रक्कम मिळाल्याच्या सह्या केल्या, पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला फार त्रास झाला, साहेब. सगळ्या गावाला माहीत आहे." साहेबांनी ते आभार म्हणून घेतलं.

त्याच संध्याकाळी जोखीमबाईंचा फोन आला.

"साहेब, एक विचारू? रागावू नका. हे बँकेचं नाही."

"विचारा."

"तुमचं रजिस्टर मी पूर्ण पाहिलं. पहिल्या महिन्यात दिवसाला सरासरी सात नोंदी, दुसऱ्यात नऊ, तिसऱ्यात अकरा. चढती रेषा आहे. माझ्या बाबांचं असंच झालं होतं, पण त्यांचं कोणी लिहून ठेवलं नव्हतं. तुम्ही साखर तपासून घ्या."

 घरी साहेबांनी हे सांगितलं तेव्हा बायकोने पुढचं काही ऐकून घेतलं नाही. सकाळी उपाशीपोटी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"लघवीला किती वेळा जाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"कार्यालयीन वेळेत अकरा. सगळ्यात जास्त सोळा, तेही एकदाच. सोमवारी जरा जास्त असतं." साहेबांनी पिशवीतून प्रती काढल्या. "सह्यांसकट आहे."

डॉक्टरांनी चष्मा वर करून पानं चाळली. "तीस वर्षांत मला कोणी खरा आकडा सांगितला नव्हता. सगळे म्हणतात, जातो आपला चारचौघांसारखा." मग त्यांनी तपासणीचा कागद पाहिला आणि त्यांचा आवाज उतरला. "साखर बरीच वाढली आहे. पण वेळेवर आलात. आणखी वर्षभर असंच काढलं असतंत तर डोळे नाहीतर मूत्रपिंड, काहीतरी गेलं असतं."

 परत आल्यावर घराच्या पायऱ्या चढताना बायकोने त्यांचा हात धरला, जो एरवी ती धरत नसे. "त्या पोरीला एकदा जेवायला बोलवा," ती म्हणाली.

गोळ्या सुरू झाल्या. पहाटे चालणं सुरू झालं. साहेबांच्या पुढ्यातून गोड गेलं, आणि ते परत यायला बघेल तेव्हा बायको दारात उभी असे. दोन महिन्यांत ते हलके झाले. दुपारची पेंग गेली, चिडचिड गेली, आणि अजून चालूच असलेल्या लाल रजिस्टरात दिवसाला अकराच्या चार नोंदी झाल्या. आपली साखर, वजन, चाललेली पावलं सगळं ते आता एका वहीत लिहून ठेवू लागले. तिमाहीच्या तक्त्यात त्यांनी पहिल्यांदा एक तुटलेली खुर्ची आणि एक हरवलेला शिक्का दाखवला. ते पाहून सगळी शाखा तक्रारी घेऊन त्यांच्या टेबलाशी आली, आणि त्यांनी त्या लिहून घेतल्या.

मग मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. 'आपल्या शाखेच्या किल्ली-रजिस्टरमधील नोंदींत अचानक चौसष्ट टक्के घट झाल्याचे निदर्शनास आले आहे. नोंदी दडवल्या जात असल्याचा संशय आहे. सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा जोखीम भांडवल पूर्ववत करण्यात येईल.'

साहेबांनी डॉक्टरांच्या कागदांसह खुलासा पाठवला. आठ दिवसांनी जोखीमबाईंचा फोन आला. या खेपेस त्यांचा आवाज जरा ओशाळला होता.

"तुमचा खुलासा सगळ्यांना पटला, साहेब. तुम्ही बरे झालात याचा वरच्यांनाही आनंद आहे. पण आमच्या गणितात बरं होण्याला जागा नाही. इतकी मोठी घट दिसली की ते आपोआप तांबडं होतं."

"मग काय करायचं?"

"मी सुचवणार नाही. मी फक्त मोजते. पण सरासरी महिन्याला एकने उतरली, तर ते गणिताच्या लक्षात येत नाही."

साहेबांनी फोन ठेवला. शाखेची कर्जमर्यादा, काकूंनंतर अर्ज केलेले सहाजण आणि अठ्ठावीस वर्षांचा नियम, हे सगळं त्यांनी मनात एकदा तोलून पाहिलं. नियम वेळ लिहायला सांगत होता, सही करायला सांगत होता. आत गेल्यावर काय करायचं, याबद्दल तो काही बोलत नव्हता. त्यांनी कॅशियरबाईंना बोलावून हळू आवाजात काहीतरी सांगितलं.

तेव्हापासून शाखेचं काम सुरळीत चाललं आहे. साहेब ठणठणीत आहेत. दुपारचे चार वाजले, गर्दी ओसरली, की कॅशियरबाई लाल रजिस्टर उघडतात, बोटाने ओळी मोजतात आणि काचेपलीकडून आवाज देतात.

"साहेब, आजचे अजून तीन बाकी आहेत."