शेंगदाण्यावर चाललेला टेम्पो

लेकीला, हर्षदाला, बघायला पाहुणे येणार होते त्या सकाळी निंबाभाऊंनी ओट्याखालचा कॅन उचलून टेम्पोच्या टाकीत रिकामा केला, आणि त्यांना कुणी अडवलं नाही.

पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये वीस वर्षं रंगमास्तर राहून निंबाभाऊंनी जुना डिझेल टेम्पो घेतला होता. गेल्या तीन महिन्यांत मात्र त्याला डिझेलचा थेंब दिला नव्हता. बमरोलीच्या फरसाणवाल्याकडून तळणाचं उरलेलं तेल आणायचं, गाळायचं, त्यात एक रसायन घालून ढवळायचं, की झालं घरचं इंधन. पण त्यांचा खरा अभिमान वेगळाच होता. काळंकुट्ट तेल साफ करत करत त्यांनी ते थेट धुळ्याहून येणाऱ्या घाण्याच्या शेंगदाणा तेलाच्या रंगावर आणून ठेवलं होतं.

"शेड मॅच! उन्हात धरून फरक दाखव, बक्षीस देतो."

"बक्षीस ठेवा तुमच्याजवळ," मंगलाबाई म्हणाल्या. "तो कॅन माझ्या सैपाकघरात दिसला ना, तर तुम्हालेच त्याच्यात बुडवीन."

म्हणून तो गॅलरीत राहायचा. आज पाहुण्यांसाठी हर्षदाने गॅलरी धुतली आणि कॅन ओट्याखाली सरकवला. तिथे धुळ्याचा कॅन आधीच बसला होता.

उधना स्टेशनवर मुलाचे वडील धुडकूअप्पा आणि मुलगा ललित उतरले. "रिक्षा कशाला? आपली गाडी आहे," म्हणत निंबाभाऊंनी दोघांना टेम्पोत सतरंजीवर बसवलं.

धुडकूअप्पांनी दोनदा खोल श्वास घेतला. "भाऊ, धूर भारी खमंग शे! आमना गावना घाणानी याद उनी."

निंबाभाऊ खुशीत हसले आणि पुढच्या वळणावर हसायचे थांबले. तीन महिने या धुराला शिळ्या भज्यांचा वास होता. ताज्या शेंगदाण्याचा कधीच नव्हता. शेंगदाणा टेम्पोत असेल, तर कढईत काय आहे? बेत वरण-बट्टीचा होता. बट्ट्या तळायच्या होत्या. आणि मंगलाबाईंचं नाक दोन दिवस सर्दीने बंद होतं.

त्यांनी टेम्पो कडेला घेऊन चार वेळा फोन लावला. हर्षदा साडी नेसत होती, मंगलाबाईंचे हात पिठात होते. मग टेम्पो असा पळाला, जसा तो डिझेलवरही कधी पळाला नव्हता.

"काका, एवढी घाई?" ललितने विचारलं.

"भूक लागली," निंबाभाऊ म्हणाले.

घरात शिरले तर शेगडीवर काठोकाठ भरलेली कढई आणि शेजारी पांढऱ्याफटक बट्ट्या.

"तळल्या नाहीत?"

"कशावर तळू? गॅस संपला! पंधरा दिवस सांगून राह्यले, सिलिंडर बुक करा. तुम्हाले जगाचं इंधन बदलायचं, घरातलं संपलं ते दिसत नाही!"

संसारात खाल्लेली इतकी गोड बोलणी निंबाभाऊंना आठवत नव्हती. त्यांनी बायकोच्या कानात सगळं सांगितलं. मंगलाबाई मटकन पाटावर बसल्या, मग उठून कढईतलं तेल परत कॅनमध्ये ओतलं आणि कढई घासायला काढली.

मात्र दोन खोल्यांच्या घरात कुजबुज ही निव्वळ समजूत असते. धुडकूअप्पा बाहेर पोट धरून हसत होते. शेजारच्या इंदुबाईंनी आपलं चालू सिलिंडर काढून दिलं, वर तेलाची पिशवी. "आमची भाजी मग होईल. पोरीचं आधी होऊ द्या." ते सिलिंडर ललितने उचलून आणलं. बट्ट्या कडक झाल्या. अप्पांनी मोजणं सोडून दिलं.

"आमले पोरगी पसंत शे," ते हात धुऊन म्हणाले. "पन एक अट शे."

मंगलाबाईंनी निंबाभाऊंकडे रोखून बघितलं.

"वरात ह्याच टेम्पोमा. तेल मी धाडसू, घाण्याचं."

"माझीपण एक अट आहे," आतून हर्षदा म्हणाली. "सिलिंडर वेळेवर बुक करता येतं का, ते त्यांना विचारा."

ललितने निंबाभाऊंचा फोन मागून घेतला आणि तिथेच बुक करून दाखवलं.

दोन दिवसांनी गॅसवाला आला. रिकामं सिलिंडर खांद्यावर घेताना थबकला.

"काका, आ शुं? खाली बाटल्याला हळद-कुंकू?"

"सावकाश ने, भाऊ," निंबाभाऊ हात जोडून म्हणाले. "फार वेळेवर संपलं ते."