देव मानणारी गाडी

मिरजेहून परत आल्यावर बनुबाईंनी आधी गाडीची दृष्ट काढली आणि मग स्वतःच्या पायांवर पाणी घेतलं. सुभेदार सयाजीराव तोवर स्टिअरिंगसमोर अडकून पडले होते, कारण मीठमोहऱ्या ओवाळून होईपर्यंत उतरायचं नाही अशी त्यांना ताकीद मिळाली होती. सून दीपमाला दारात आली आणि एवढं काय झालं म्हणून विचारू लागली.

"गाडी देव मानती," बनुबाई म्हणाल्या. "देऊळ आलं की आपसूक हळू हुती. सोताच्या डोळ्यानं बघितलं म्या."

आता बनुबाई मिरजेला जात होत्या त्या याच डोळ्यांच्या औषधपाण्यासाठी, त्यामुळे दीपमालाने हा पुरावा जरा जपूनच घेतला.

गाडी त्यांच्या मुलाने, जयराजने घेतलेली. तो साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात इंजिनिअर. वडिलांनी अर्धं आयुष्य फौजेचे ट्रक डोंगरांवरून चढवले-उतरवले होते आणि त्या लढाईत त्यांचा उजवा गुडघा कामी आला होता. आईला दर महिन्याला मिरजेच्या डॉक्टरांकडे न्यावं लागे, आणि ते काम दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला सुभेदार तयार नव्हते. म्हणून जयराजने मुद्दाम क्रूझ कंट्रोल असलेली, गिअर आपले आपण बदलणारी गाडी निवडली. हमरस्त्याला लागलं, हवा तो वेग धरला, स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की पाय काढून घ्यायचा. पुढे तो वेग गाडी सांभाळते.

सुभेदारांनी आधी नाक मुरडलं. ड्रायव्हरचा पाय मोकळा सुटला की ड्रायव्हर झोपतो, असं त्यांचं म्हणणं. पण कऱ्हाड यायच्या आत त्यांचं मन पालटलं आणि इस्लामपूरपर्यंत ते गाडीच्या पुरते प्रेमात पडले. चढ आला की ती न सांगता जोर लावते. उतारावर मात्र दिलेल्या वेगाच्या थोडी पुढे धावते, नव्या रिक्रूटसारखी, तिथं आपण आवरायची. समोर ट्रक आला तर तिला दिसत नाही, ते बघणं ड्रायव्हरचंच काम. ब्रेकला पाय लागला की हुकूम रद्द, आणि दुसरं बटण दाबलं की आधीचा वेग तिला बरोबर आठवतो. "एकदा दिल्याला हुकूम इसरत न्हाई गड्या," असं ते कॉलनीतल्या प्रत्येकाला धरून धरून सांगायचे. गावातल्या गर्दीत आणि उसाच्या ट्रॉलीमागे हिचं काही चालत नाही, हेही सांगायचे, पण जरा आवाज उतरवून.

अशी ही हुकमाची पक्की गाडी उंब्रजच्या अलीकडच्या भैरोबाला हळू झाली. पेठ नाक्याच्या पुढच्या मारुतीला झाली. आष्ट्याच्या वाटेवर झाडाखाली एक पीर आहे, तिथेही झाली. बनुबाईंनी तिन्ही ठिकाणी हात जोडले आणि तिसऱ्या ठिकाणी गाडीच्या डॅशबोर्डलाही जोडले.

सुभेदारांना हे अजिबात खपलं नाही. ते देव मानत नसत. फौजेत मंदिर परेडला हुकूम म्हणून उभे राहायचे, पेन्शन झाली तसा हुकूम संपला आणि देवही. आपण ज्याला नमस्कार करत नाही त्याला आपली गाडी परस्पर करते, म्हणजे ही उघड उघड शिस्तभंगाची केस होती. गाडीत बिघाड आहे, असं त्यांनी रात्री जेवताना जयराजला ठणकावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जयराज वडिलांना शेजारी बसवून उंब्रजपर्यंत स्वतः गाडी चालवून आला. भैरोबा आला आणि गेला, काटा जागचा हलला नाही.

"आबा, गाडी ठीक हाय," तो परतताना म्हणाला. "तुमचा पाय ब्रेकवर पडत आसंल."

"माझा पाय खाली जमिनीवर आसतुया," सुभेदार म्हणाले. "पंचवीस वर्सं सरकारनं माझ्या पायावर इस्वास टाकला."

जयराजला वडिलांचं वाईट वाटलं, पण भीतीही वाटली. हमरस्त्यावर मागून ट्रक येत असताना पाय असा आपोआप ब्रेकवर जाऊ लागला, तर उद्या काय होईल सांगता येत नाही. रात्री जेवताना त्याने शांतपणे तोडगा काढला. पुढच्या मिरजेच्या खेपेला वाटेत सांगलीच्या विश्रामबागेतल्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवायची. बिघाड निघाला तर दुरुस्त करू. नाही निघाला तर चावी जयराजकडे, आणि आईला मिरजेला न्यायला महिन्यातून एकदा भाड्याचा ड्रायव्हर. सुभेदार ताटावरून उठले नाहीत, पण भाकरीचा पुढचा तुकडा त्यांनी बराच वेळ नुसता हातात धरला. आपली बायको कोण कुठल्या परक्या माणसाच्या शेजारी बसून मिरजेला जाणार, हे त्यांना गिळवत नव्हतं.

इकडे बनुबाईंच्या भजनी मंडळात गाडीची कीर्ती पसरली होती. रोज कोणीतरी येऊन बॉनेटला हळदकुंकू लावून जाई आणि सुभेदार ओल्या फडक्याने ते पुसत बसत. समोरच्या बंगल्यातले रिटायर हवालदार नानासो तर चमत्कार पाहायला सुभेदारांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून भैरोबापर्यंत जाऊन आले. गाडी तसूभर हळू झाली नाही. नानासोंनी गल्लीभर सांगितलं की सगळी थाप आहे. यावर बनुबाईंनी, गाडी माणूस बघून थांबते, एवढंच उत्तर दिलं, आणि त्या दिवसापासून नानासो सुभेदारांकडे चहाला यायचे बंद झाले.

मिरजेचा दिवस उजाडला. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत गाडी सगळ्या देवांना हळू होत गेली आणि दर खेपेला मागचा ट्रक हॉर्न वाजवत बाजूने निघून गेला. बनुबाई दर देवळाला हात जोडत होत्या. गाडीत बिघाड निघावा म्हणून नवरा झुरतोय, हे त्यांना कळत होतं. मात्र देवभक्तीला बिघाड म्हणणं त्यांच्या जिवावर येत होतं.

सर्व्हिस सेंटरमध्ये शिफा नावाची इंजिनिअर मुलगी होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, कुठेही हसली नाही, आणि गाडी तपासून झाल्यावर सुभेदारांच्या शेजारी बसून त्यांना रस्त्यावर घेऊन गेली. बनुबाई चहाचा कागदी कप घेऊन पंख्याखाली बसल्या. वाटेत गणपतीचं देऊळ लागलं, पुढे दत्ताचं लागलं. गाडी दोन्हींवरून सरळ निघून गेली.

परत आल्यावर शिफाने सांगितलं की गाडीत काही दोष नाही. जयराजने रिपोर्ट फोनवर कळवायला सांगितलं होतं, म्हणून तिने फोन काढला.

"पोरी, जरा थांब," सुभेदार म्हणाले. ते गाडीच्या टपावर हात ठेवून नुसते उभे राहिले.

तेवढ्यात बनुबाई कप ठेवून उठल्या. "म्या बसल्याबिगर तिला देऊळ कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "मला घिऊन चला. मग काय ते सांगा माझ्या ल्योकाला."

शिफाने फोन खिशात ठेवला. या वेळी ती मागच्या सीटवर बसली, दोन सीटांच्या मधून पुढे वाकून. सुभेदारांनी वेग धरला, बटण दाबलं, पाय काढून घेतला.

"आजोबा, पाय कुठंय?"

"जमिनीवर. बघ की."

शिफा बघत होती. गणपतीचं देऊळ दिसू लागलं तसे बनुबाईंनी हात जोडले आणि हातातल्या बांगड्या खाली उतरून किणकिणल्या. सुभेदारांची नजर रस्त्यावरच होती. पण बांगड्या वाजल्या आणि जमिनीवरचा पाय अलगद उठला, ब्रेकला जेमतेम टेकला, आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. गाडी हळू झाली.

"बघितलंस?" सुभेदार म्हणाले. "म्या काय केलं यात?"

शिफाने गाडी कडेला घ्यायला लावली. मग तिने जे दिसलं ते तसंच्या तसं सांगितलं, बांगड्यांसकट. सुभेदारांनी आधी नकारार्थी मान हलवली. नंतर आपल्या उजव्या पायाकडे असं पाहिलं, जसं तो पाय दुसऱ्याच पलटणीतून बदलून आला असावा.

भाविक गाडी बनुबाईंच्या हातची गेली होती, पण त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसत नव्हतं.

"सुट्टीवर आलं की हे फटफटीवरनं न्यायचं मला," त्या हळूच म्हणाल्या. "मला पळत्या गाडीवर हात सोडाय भ्या वाटायचं. देऊळ आलं की हे हळू करायचं, म्हंजी मला हात जोडाय यावं. म्या कवा सांगितलं न्हाई. ह्यांचं ह्यांनाच कळायचं." मग पदराने नाक पुसून त्या म्हणाल्या, "त्या पायाला आजून सुट्टी न्हाई व्हय?"

सुभेदार काचेबाहेर बघत राहिले. त्यांना आत कुठेतरी फार बरं वाटत होतं आणि ते दोन बायकांच्या देखत दाखवायचं नव्हतं. मग शिफाने जयराजला फोन लावला. गाडी एकदम व्यवस्थित आहे, म्हणाली. आजोबांचा पायही व्यवस्थित आहे, ब्रेक लागतो तो अगदी ठरल्या ठिकाणी लागतो. फक्त हळू होण्याआधी आरशात बघून डावीकडच्या लेनला येत जा, एवढं मी त्यांना सांगितलंय. जयराजने चावीचं काय करू म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, आजींच्या पर्समध्ये ठेवा, कारण गाडी त्यांच्याच हुकमावर चालते.

निघताना सुभेदारांनी बनुबाईंना बाजूला घेतलं.

"कॉलनीत ह्ये काय सांगू नगंस. गाडीच देव मानती म्हणायचं."

"आवं, पर ती कुठं मानती? आन नानासो मला खोटी म्हंत्यात, त्याचं काय?"

"त्याला मी सांगतो ना मानती म्हणून." सुभेदारांनी इकडेतिकडे पाहिलं. "माझा पाय मानतुया, ह्ये त्याला कळाय नको."

मिरजेत डॉक्टरांनी बनुबाईंच्या डोळ्यांत थेंब घातले, काळा चष्मा दिला. परतीच्या वाटेवर आष्टा यायच्या आधीच त्यांना डुलकी लागली. मान काचेला टेकलेली, हात मांडीवर, बांगड्या गप्प. क्रूझ लावलेलं होतं आणि गाडी उसाच्या फडांमधून एका वेगाने चालली होती.

पुढे झाडाखाली पीर दिसला. सुभेदारांनी पायाकडे लक्ष ठेवलं. पाय जमिनीवर होता, हलत नव्हता. झाड जवळ आलं तरी हलला नाही. सुभेदारांनी शेजारी झोपलेल्या बायकोकडे पाहिलं, आरशात मागचा रस्ता पाहिला, गाडी डावीकडे घेतली आणि स्वतःच्या मर्जीने ब्रेकवर पाय टेकवला.

गाडी हळू झाली. बनुबाई उठल्या नाहीत. हळू तर झालोच आहोत, आणि नमस्कार करणारं माणूस झोपलंय, असा पेच पडला. सुभेदारांनी रस्त्यावर पुढेमागे कोणी ओळखीचं नाही याची खात्री केली, मग एक हात उचलून कपाळाला लावला आणि पुटपुटले, "ह्यो तिच्या वाटचा."

मग त्यांनी बटण दाबलं. गाडीला आधीचा वेग बरोबर आठवला.