पस्तिसाव्या प्रश्नाचं उत्तर

"कुआंग सर, पस्तिसावा प्रश्न सगळ्यांचा बरोबर आलाय," फांग बाईंनी दारातूनच सांगितलं आणि आत येऊन दार लावून घेतलं.

कुआंग सर थर्मासचं झाकण फिरवत होते. पोरांनी बरोबर उत्तर लिहिलं, ही बातमी दार लावून का सांगायची हे त्यांच्या लक्षात आलं नाही. "चांगलंय की," ते म्हणाले.

"काय चांगलंय? अहो, सगळ्यांचा म्हणजे सगळ्यांचा! पाचही शाळांमधल्या. चार हजारांवर पोरं बसली होती आणि कॉम्प्युटर शंभर टक्के दाखवतोय. लाल खूण आलीय त्यावर. शहरातून परीक्षा खात्याचे ओउयांग साहेब निघालेत."

सरांनी झाकण पुन्हा लावून टाकलं. चहा पिण्याची वेळ गेली होती.

बारावीची महापरीक्षा, म्हणजे गाओकाओ, दोन महिन्यांवर आली होती आणि तिची रंगीत तालीम म्हणून तालुक्यातल्या पाच शाळांनी मिळून ही सराव परीक्षा घेतली होती. इंग्रजीच्या पेपरात उताऱ्यांवरचे प्रश्न असतात, आणि शेवटच्या उताऱ्यावरचा शेवटचा, पस्तिसावा प्रश्न मुद्दाम पोरांना लोळवण्यासाठी काढलेला असतो. तो तिघांत एकाला आला तर पेपर उत्तम. सगळ्यांना आला तर पेपर फुटला. आणि पेपर फुटला असं ठरलं तर चार हजार पोरांची परीक्षा रद्द, आणि पेपर काढणाऱ्याची बदली तळ्यापलीकडच्या प्राथमिक शाळेत, गाई-म्हशींच्या चित्रांवरून एबीसी शिकवायला. पेपर कुआंग सरांनी काढला होता.

खरं तर तो त्यांच्याकडे यायलाच नको होता. ज्याचं मूल त्याच वर्षी परीक्षेला बसतं त्यानं पेपर काढायचा नाही, असा नियम आहे, आणि सरांची यीनिंग बारावीलाच होती. पण ठरलेल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. बारावीच्या प्रमुख होत्या फांग बाई. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि नियमाकडे पाहायचं तेवढं राहून गेलं.

तीन उतारे सहज मिळाले. चौथा काही केल्या मिळेना. उतारा परदेशी वर्तमानपत्रातलाच हवा, असा दुसरा नियम. पण सरांनी जो म्हणून उतारा उचलावा तो शिकवणीवाल्यांनी आधीच पळवून सराव-संचात घातलेला. पेंग्विन झाले, मधमाश्या झाल्या, एकटीनं समुद्र ओलांडणारी म्हातारीही झाली. पोरांना म्हातारी तोंडपाठ होती.

त्यातच घरी भांडण झालं. यीनिंगला हार्बिनला जाऊन जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. हार्बिन म्हणजे देशाचं दुसरं टोक, बर्फाचं. सरांना ती इथेच, जवळच्या शहरात शिक्षिका व्हायला हवी होती. आवाज चढले; मधेच सर नेहमीच्या सवयीनं 'आधी गरम पाणी पी' असंही म्हणाले. तिनं कॉलेजची माहितीपुस्तिका टेबलावर ठेवली, सरांनी ती उचलून कमळकाकडीच्या सालींबरोबर कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग दार आपटलं. मग सरांनी स्वतः तीन तास खपून बरगड्यांचं आणि कमळकाकडीचं सूप केलं, तिच्या दारावर टकटक केली आणि म्हणाले, "सूप गार होतंय." ती आली, मुकाट्यानं प्यायली आणि वाडगा धुऊन परत खोलीत गेली. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेपर द्यायचा होता आणि डोक्यात दुसरं काही शिरेना. सरांनी सरळ तोच प्रसंग इंग्रजीत लिहून काढला. बापाचं नाव ठेवलं मिस्टर पार्कर, मुलीचं एमिली, हार्बिनचं केलं स्कॉटलंड आणि कमळकाकडीचा केला बटाटा. खाली एका इंग्रजी गावाच्या वर्तमानपत्राचं नाव टाकलं, कारण तिथे काहीतरी टाकावंच लागतं. आणि पस्तिसावा प्रश्न काढला: 'सूप गार होतंय' या पार्कर यांच्या बोलण्याचा अर्थ काय? अ, सूप गरम असतानाच प्यावं. ब, ते वाट पाहून कंटाळले. क, त्यांना झाल्या गोष्टीचं वाईट वाटत होतं. ड, त्यांना आपल्या स्वयंपाकाचा अभिमान होता. 'क' बरोबर. चांगला अवघड प्रश्न निघाला, असं त्यांना वाटलं होतं.

ओउयांग साहेब अंगानं बारीक आणि आवाजानं त्याहून बारीक होते. अशा माणसांची जास्त भीती वाटते. ते बसले, पेपर उलटा करून ठेवला आणि म्हणाले, "हे वर्तमानपत्र दाखवा बघू."

"कोणतं, साहेब?"

"उताऱ्याखाली लिहिलंय ते. मी शोधलं. त्या गावात वर्तमानपत्रच नाही."

कुआंग सरांनी फांग बाईंकडे पाहिलं. फांग बाई खिडकीतल्या कुंडीकडे पाहत होत्या. सरांच्या कपाळावर घाम आला. वर्तमानपत्र आहे म्हणावं तर दाखवायचं कुठून? आणि कुठूनतरी उचललाय म्हणावं तर पोरांनी तो आधीच वाचला होता, असं होणार. उरलं फक्त खरं.

"मीच लिहिला, साहेब."

"म्हणजे छापायच्या आधी हा उतारा जगात फक्त तुम्ही पाहिला होता?"

"आणि फांग बाईंनी."

"मी वाचला नव्हता," फांग बाई चटकन म्हणाल्या. "मी फक्त शब्द मोजले."

"अस्सं," साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते काय लिहितात हे उलट्या बाजूनं वाचण्याचा सरांनी प्रयत्न केला, पण अक्षरही बारीक होतं. "म्हणजे फुटला तर तुमच्याकडूनच फुटला."

"फुटला नाही, साहेब! पोरांना आपलं आपण कळलं. घरोघरी असंच असतं ना. बाप ओरडतो, मग फळं कापून आणून देतो. आई रागावते, मग म्हणते जेवायला चला. पोरांना अर्थ सांगावा लागत नाही."

"प्रश्न इंग्रजीचा आहे, कुआंग सर, घरोघरीचा नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला उत्तर काय वाटतं ते बघू. खरा इंग्रज कुणी आहे का गावात?"

दुर्दैवानं होता. बसस्टँडसमोरच्या शिकवणी वर्गात गॅरेथ नावाचा लीड्सचा एक तरुण बोलायला शिकवायचा. त्याला सायकलवरून बोलावून आणलं. त्यानं उतारा दोनदा वाचला, डोकं खाजवलं आणि बेधडक सांगितलं, "अ."

"अ?" साहेब पुढे झुकले.

"माणूस म्हणतोय सूप गार होतंय. म्हणजे सूप गार होतंय. दुसरं काय असणार?"

"त्याला वाईट वाटतंय, असं नाही वाटत?" सरांनी अजिजीनं विचारलं.

"मग तो सॉरी का नाही म्हणत?" गॅरेथ म्हणाला. खोलीतल्या तिन्ही माणसांनी एकदम खाली पाहिलं. गॅरेथचं मात्र लक्ष उताऱ्यातच होतं. "आणि बटाट्याचं सूप तीन तास? लगदा होईल त्याचा. हा पार्कर नक्की इंग्रज आहे?"

त्याचे आभार मानून त्याला घाईघाईनं वाटेला लावलं. साहेबांनी टोपण काढून पेन पुन्हा हातात घेतलं. "ज्याची ही भाषा आहे त्याचं चुकलं," ते सावकाश म्हणाले, "आणि तुमच्या तालुक्यातल्या, तळ्यात कमळं लावणाऱ्यांच्या चार हजार पोरांचं बरोबर आलं. मी वर काय कळवू, तुम्हीच सांगा."

तळ्यापलीकडची शाळा सरांना आता स्पष्ट दिसायला लागली होती. पत्र्याचं छप्परसुद्धा दिसत होतं.

"एक राहिलं," साहेब म्हणाले. "घरी बारावीला कुणी?"

फांग बाईंनी आता कुंडीतली वाळकी पानं खुडायला घेतली. "मुलगी," सर म्हणाले. "याच शाळेत."

साहेबांचा आवाज आणखी बारीक झाला. "तिचा पेपर काढा."

फांग बाई कॉम्प्युटरपुढे बसल्या. यीनिंगचा क्रमांक टाकला आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. सरांची पाचावर धारण बसली. पोरगी इंग्रजीत पहिल्या पाचांत. तिचं हे उत्तर चुकणं शक्यच नव्हतं; ते सूप तर ती स्वतः प्यायली होती! बरोबर उत्तर म्हणजे बापानं घरात पेपर फोडल्याचा पुरावा. जिचा एकेक गुण वाढावा म्हणून त्यांनी बारा वर्षं जिवाचं रान केलं, तिचं उत्तर चुकू दे अशी प्रार्थना ते आयुष्यात पहिल्यांदा करत होते, आणि ती कुणाला करावी हेही त्यांना नक्की माहीत नव्हतं.

चक्र थांबलं. हिरव्या खुणांची रांगच्या रांग खाली सरकत गेली. तेहेतिसावा, बरोबर. चौतिसावा, बरोबर. सरांनी डोळे मिटले.

"अ," फांग बाई किंचाळल्याच. "अ लिहिलंय! चूक आहे! साहेब, साफ चूक आहे!"

साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं. मग फांग बाईंना म्हणाले, "सगळ्यांची यादी लावा. शंभर टक्के दाखवतोय ना हा?" यादी लावली. पाच शाळांतल्या चार हजारांवर पोरांमध्ये पस्तिसावा प्रश्न फक्त एकीचा चुकला होता. एकाच्या चुकीनं टक्का हलला नाही, म्हणून कॉम्प्युटरनं शंभर दाखवले होते.

खोलीतली हवा मोकळी झाली. "पेपर फुटला असता तर सगळ्यात आधी घरात फुटला असता," साहेब म्हणाले आणि वहीत 'प्रश्न फारच सोपा' असा शेरा लिहून त्यांनी वही मिटली. परदेशी नावं टाकायची असतील तर निदान गाव तरी नीट निवडा, आणि घरी बारावी असताना पुन्हा पेपर काढू नका, असं जाता जाता बजावलं आणि दारात थांबून सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "मुलीकडे जरा लक्ष द्या. वाचनात कच्ची दिसते."

सर घरी निघाले तेव्हा पाय हलके झाले होते. शाळेमागे शिक्षकांची वसाहत, तिथपर्यंत जेमतेम पाच मिनिटांची वाट. पण फाटकापर्यंत येईतो नोकरी वाचल्याचा आनंद विरला आणि मास्तर जागा झाला. बाकीचे सगळे अवघड प्रश्न बरोबर, आणि हाच चुकतो? सगळ्या तालुक्यात हिचाच? ते चपला न काढताच तिच्या दाराशी गेले.

यीनिंग गणितं सोडवत होती.

"पस्तिसावा कसा चुकला?" इतक्या दिवसांनंतरचं हे पहिलं वाक्य.

"चुकला नाही."

"अ लिहिलंस तू."

"अच बरोबर आहे." तिनं मान वर केली नाही.

"चार हजार पोरांनी क लिहिलं!"

"त्यांनी आपापल्या घरचं लिहिलं." तिनं पेपर काढून त्यांच्यापुढे धरला. "तुम्हीच वर्गात ओरडत असता ना, उताऱ्यात आहे तेवढंच धरा, पदरचं घालू नका, उत्तरावर बोट ठेवून दाखवा. मी तीनदा वाचला. त्याला वाईट वाटलं असं कुठे लिहिलंय? ठेवा बोट."

सरांनी खरोखर बोट ठेवलं. पहिल्या ओळीपासून निघाले. माहितीपुस्तिका कचऱ्यात गेली, बटाटे सोलले, तीन तास गेले, दारावर टकटक झाली. बोट शेवटच्या पूर्णविरामावर येऊन थांबलं. मधे कुठेच थांबायला जागा नव्हती.

"तुला कसं कळलं, मी लिहिलाय?"

"इंग्रज बाप मुलीला भांडणाच्या मध्येच 'आधी गरम पाणी पी' म्हणतो का, बाबा?" ती म्हणाली. हसली मात्र नाही. "तुमच्या पार्करला सांगा. सूप शिजवायला तीन तास होते त्याच्याकडे. बोलायला एक वाक्य लागलं असतं."

सरांना साहेबांपुढे जेवढा घाम आला नव्हता तेवढा आता आला. शेवटी सव्वीस वर्षांची सवय मदतीला धावली आणि त्यांनी अत्यंत शुद्ध उच्चारात म्हटलं, "आय ॲम सॉरी."

"ते पुस्तकातलं झालं," यीनिंग म्हणाली. "आपल्या भाषेत."

सरांनी दाराची चौकट धरली. मग धीर गोळा करण्याच्या नादात आवाज फारच मोठा लागला, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. "चुकलं माझं! तुझी पुस्तिका टाकायला नको होती. मला वाईट वाटतंय!"

स्वयंपाकघरातली फोडणी एकदम थांबली. "अहो," सरांच्या बायकोनं घाबऱ्या आवाजात विचारलं, "कोणत्या साहेबांचा फोन आहे?"

"फोन नाहीये, आई!" यीनिंग ओरडली. "माझ्याशी बोलतायत!"

आत झाकण पडल्याचा आवाज झाला. पदराला हात पुसावेत तसे एप्रनला हात पुसत ती दारात आली. तिनं आधी लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि खात्री पटल्यावर लेकीच्या शेजारी पलंगावर नीट बसली.

"आता सुरू केलंच आहे," ती म्हणाली, "तर एकदा माझ्याकडेही बघून म्हणा."