शेपूट खाली सोडलेला धूमकेतू

सलग सहा संध्याकाळी हरिश्चंद्ररावांनी समुद्रकाठच्या आरे-वारेच्या चढावरून धूमकेतू पाहिला, आणि सातव्या संध्याकाळी, म्हणजे तो दिसण्याच्या शेवटच्या दिवशी, ते बायकोला घेऊन आले. पोफळीच्या वीजगृहात, डोंगराच्या पोटात, त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. तिथे आकाश नव्हतं. तासातासाला मीटर बघायचा आणि रजिस्टरात आकडा टाकायचा. "रिटायर झालो की तुला सगळं दाखवतो," असं ते मथुराबाईंना बत्तीस वर्षं सांगत आले. रिटायर होऊन चार वर्षं झाली. दाखवण्यासारखं हे पहिलंच सापडलं होतं, आणि ते परत यायला हजारो वर्षं लागणार होती.

शेजारच्या फारुकने रिक्षा कडेला लावली. हरिश्चंद्ररावांनी कातळावर ताऱ्यांचा नकाशा पसरला. त्यावर पेन्सिलीचे सहा ठिपके, प्रत्येकाशेजारी तारीख, वेळ आणि शेरा: ठीक.

"तो बघ."

पश्चिमेच्या धुरक्यात एक पांढराशुभ्र गोळा लटकला होता. खाली लांब शेपूट.

"शेपूट खाली कसं? पेपरात वर होतं," मथुराबाई म्हणाल्या.

"म्हणून तर नकाशा उलटा धरलाय. उलटा धरला की बरोबर जुळतं."

मथुराबाईंनी नवऱ्याकडे सवयीने पाहिलं. "तारे मावळतात. हा मावळत नाही?"

"जिद्दी आहे. काल तर दक्षिणेला, पूर्णगडच्या अंगाला सरकला होता."

फारुक मागे येऊन उभा राहिला. "काका, सहा दिवस तुम्ही हाच बघत होतात?"

"हाच."

"हा आमीर आहे."

"कोण आमीर?"

"माझा मेव्हणा. त्याची बोट ती. मासळी गोळा करायला लाईटी मारतो. शेपूट म्हणजे पाण्यात पडलेला उजेड."

"धूमकेतू असा नात्यागोत्यावरून ठरत नसतो, फारुक."

फारुकने फोन लावला. "आमीर, जरा लाईट बंद कर रे. कदमकाका बघतायत. हो, पोफळीवाले."

धूमकेतू विझला.

बत्तीस वर्षं वीज तयार केलेल्या माणसाला दिवा ओळखता आला नव्हता. हरिश्चंद्रराव कातळावर खाली बसले.

"आणि काका, ते ठिपके तेवढे पुसा," फारुक हळूच म्हणाला. "त्या लाईटींना बंदी आहे. तुम्ही तर तारीख-वेळेसकट लिहून ठेवलंत."

हरिश्चंद्ररावांनी खोडरबर काढलं. सहावा ठिपका पुसत होते, तेवढ्यात अंधाराला डोळे सरावलेल्या मथुराबाई म्हणाल्या, "अहो, मग तो वरचा कोण?"

"कुठला?"

"तो काय, पुसटसा. त्याचं शेपूट वर आहे."

"हां, दिसला," फारुक म्हणाला.

"एक मिनिट," हरिश्चंद्रराव म्हणाले. खात्री केल्याशिवाय आकडा टाकायचा नाही, हा वीजगृहाचा नियम. त्यांनी नकाशा सुलटा केला, बॅटरी लावली, जवळचा चष्मा चढवला, बोटाने जागा शोधली. "बरोबर. तिथंच असायला हवा." मग लांबचा चष्मा चढवून त्यांनी वर पाहिलं. बॅटरीच्या उजेडाने दिपलेल्या डोळ्यांपुढे हिरवे गोल तेवढे नाचत होते.

"गेला," मथुराबाई म्हणाल्या. "धुरक्यात शिरला."

समुद्रात आमीरने पुन्हा लाईटी लावल्या.

"कसा होता?" हरिश्चंद्ररावांनी विचारलं.

"होता चांगला. तुम्ही दाखवलात म्हणून दिसला."

घरी येऊन त्यांनी सातवी नोंद केली. धूमकेतू दिसला. पाहणारे: सौ. मथुरा, श्री. फारुक. स्वतः: नकाशा पाहत होतो. शेऱ्याच्या जागी हात सवयीने 'ठीक' लिहून गेला. तेवढं त्यांनी खोडलं.