ड्यूटीवाले साहेब

"माझ्यावर एका बाजूचा शिक्का कोणी मारून दाखवावा," मोरेश्वर कडू सरांनी पोळी मोडता मोडता बायकोला सांगितलं.

सर मध्य प्रदेशातल्या सौंसरहून रोज बसनं पांढुर्ण्याला जात आणि तिथल्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. तीन वर्षांपासून सरकारी अनुदानावरचं आंतरराष्ट्रीय अध्ययन केंद्रही त्यांच्याच गळ्यात होतं. केंद्र म्हणजे एक हॉल, जगाचा एक नकाशा आणि गुलाब नावाचा शिपाई.

आता विद्यापीठाचं पत्र आलं होतं. केंद्रात राजकीय एकतर्फीपणा चालतो, अशी निनावी तक्रार होती. आजवर सरकारच्या बाजूनं किती व्याख्यानं झाली आणि विरोधात किती, याचा तक्ता तयार ठेवा, दहा दिवसांनी भोपाळहून समिती येईल.

"मंग तुमी भिऊन काऊन राहिले?" जयश्रीबाईंनी विचारलं.

"भितो कोण? रजिस्टर आहे माझ्याजवळ."

दुसऱ्या दिवशी सरांनी रजिस्टर उघडलं आणि दोनदा मोजलं. विरोधात चौदा, बाजूनं नऊ. सरांनी कधी अशी मोजदाद केलीच नव्हती. जे घडलं ते ते सांगत गेले होते. सगळ्यात जड होतं संत्र्याचं व्याख्यान. बांगलादेशनं आपल्या संत्र्यावरची ड्यूटी, म्हणजे आयात कर, वाढवला, तेव्हा तिगाव-लोधीखेड्याचे बागवाले ऐकायला आले होते आणि हॉल पहिल्यांदाच भरला होता. त्या भरात सर बोलून गेले होते, "आपलं सरकार तेव्हा झोपलं होतं." गुलाबनं ते वाक्य वळणदार अक्षरात उतरवून ठेवलं होतं.

खाडाखोड करायला मन धजेना. मग सरांनी तोड काढली. दहा दिवसांत पाच व्याख्यानं सरकारच्या बाजूनं ठोकायची. चौदाला चौदा!

पहिली दोन पचली. तिसऱ्याला शिवानी नावाची विद्यार्थिनी उभी राहिली. "सर, तुमाले निवडणुकीचं तिकीट भेटून राहिलं का?"

चौथ्यानंतर प्राचार्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली. भाजीबाजारात जयश्रीबाईंना अनोळखी माणसं नमस्कार करू लागली. "हे काय लावलं तुमी?" त्यांनी घरी येऊन विचारलं. रोज संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर त्यांना स्वतःचाच आवाज आठवायचा आणि दुसऱ्याच कोणाचा तरी वाटायचा.

पाचवं व्याख्यान समितीच्याच दिवशी होतं आणि विषय होता संत्र्यावरची ड्यूटी, सरकारची बाजू. हॉल रिकामा दिसू नये म्हणून सर गुलाबला म्हणाले, "मागच्या वेळचे बागवाले बोलाव. भोपाळहून साहेब येणार म्हणावं."

गुलाबनं तिगावात तेवढंच सांगितलं. लोधीखेड्याला पोचेपर्यंत त्याचं "ड्यूटी उतरवणारे साहेब येऊन राहिले" झालं होतं.

दोनशे माणसं आली. समितीच्या उर्मिला मॅडम आणि त्यांच्यासोबतचे एक अबोल साहेब गाडीतून उतरतात तोच दोघांच्या गळ्यात हार पडले, हातात निवेदनं आली आणि पायाशी संत्र्याचे क्रेट.

"हे सगळे तुमचे विद्यार्थी?" मॅडमनी विचारलं.

"श्रोते आहेत," सर कसेबसे म्हणाले.

व्याख्यान सुरू झालं. सरकारनं कशी पत्रं लिहिली, कशी बोलणी केली, हे सर सांगू लागले. पाचेक मिनिटांत तिगावचे भिवाजी उठले. साठीला टेकलेला, हळू बोलणारा माणूस.

"सर, मागच्या खेपेला तुमी म्हणे का सरकार झोपलं होतं. आता म्हणून राहिले का जागं होतं. औंदा अर्धी बाग तोडाची का ठेवाची, ते ठरवाचं हाय मले. खरं काय ते सांगा."

खरं काय ते सरांना ठाऊक होतं. सरकारनं थोडं केलं होतं, उशिरा केलं होतं, आणि ड्यूटी लवकर उतरेल असं दिसत नव्हतं. तीन वाक्यांचं काम. पण मॅडमचा पेन कागदावर टेकलेला होता आणि अबोल साहेब पहिल्यांदाच मान वर करून बघत होते.

"चहा तयार आहे," सर म्हणाले.

भिवाजी चहा न घेताच गेले. त्यांच्या मागोमाग बाकीचेही गेले. कोणी भांडलं असतं तर सरांना बरं वाटलं असतं.

महिन्याभरानं अहवाल आला. चौदाला चौदा, समतोल समाधानकारक. केंद्र चालू ठेवावं. मात्र वादाचे विषय टाळावेत आणि व्याख्यानांना फक्त नोंदणी झालेले विद्यार्थीच बसवावेत. प्राचार्यांनी पेढे वाटले. सरांनी पेढा गुलाबला देऊन टाकला.

नव्या सत्रात पाच नावं नोंदली गेली. पाचवं भिवाजींचं, कधीकाळच्या बी.ए.च्या मार्कशीटसकट. पहिल्या दिवशी ते शेवटच्या बाकावर बसले, वही काढली आणि अंटार्क्टिका कराराची पाऊण तास टिपणं घेतली. मग हात वर केला.

"सर, तिथं राह्यते कोण?"

"कायमचं कोणी नाही. बर्फच आहे."

"मंग आमाले हे काऊन शिकवून राहिले?"

सरांनी दाराकडं पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं.

"कारण त्याच्याबद्दल अजून कोणाची तक्रार आली नाही, भिवाजीभाऊ."

भिवाजींनी मान हलवली आणि तेही वहीत लिहून घेतलं.