तीन वाटाड्या यंत्रांचा निवाडा, मुक्काम ऐन तीना

खाविंदांनी पुसिले की, अम्मानकरांची स्वारी ऐन तीना गावी बुडता बुडता कैशी तरली, आणि गाडीत बसवावयाचे वाटाडे यंत्र, ज्यास लोक जीपीएस म्हणतात, ते निवडण्याची मसलत कैशी तडीस गेली. तरी जे घडले ते पदरचे अक्षर न घालता लिहितो, आणि जिथे हसू आले तिथे कलम जरा हलले असेल, ते माफ असावे.

अम्मान शहरी राकान नामे तरणा दंतवैद्य होता, ज्याचा पराक्रम अद्याप अक्कलदाढेपलीकडे गेला नव्हता. त्याचे मन करक प्रांतीच्या ऐन तीना गावच्या आल रुमैह घराण्यातील हदील नामे मुलीवर जडले आणि तिचेही त्याजवर. मुलीच्या बापाने फर्माविले की, शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी जाहा, म्हणजे वडीलधाऱ्यांची मागणीची स्वारी, दारी यावी. न आल्यास मुलीच्या चुलतभावाचा पैगाम तयारच आहे. हे ऐकोन राकानच्या तोंडचे पाणी पळाले.

मग जाहेचे सरदार म्हणोन हाजी दैफल्ला यांस नेमिले, ज्यांनी आजवर नव्वद मागण्या घातल्या आणि एकही फुकट गेली नाही. आणि त्यांचे नायब म्हणोन राकानचे मामा अबू सायल. आणि सात गाड्या, बावीस असामी, उंची झगे, अत्तर आणि इस्त्री यांचा सरंजाम सिद्ध जाहला. राकानने अर्ज केला की, हदीलला फोन करोन वाट पुसतो. तो हाजी गरजले.

"मुलीकडच्यांना वाट विचारायची? मग मुलगीही त्यांनीच आणून द्यावी की घरपोच!"

येणेप्रमाणे तो उपाय खुंटला आणि भार यंत्रांवर आला. यंत्रे तीन. हाजींचे यंत्र थाळीएवढे, बातम्या वाचणाऱ्याच्या भारदस्त अरबीत बोलणारे. मामांचे यंत्र त्यांच्या मुलाने दुबईहून धाडिलेले, आणि त्यात बाईचा आवाज. राकानचे यंत्र जुने, काचेस कितीही चिकटविले तरी दर खड्ड्यास गळोन मांडीवर येई. अग्रभागी कोणते यंत्र चालवावे याजवरोन शहराबाहेर पेट्रोलपंपावर खलबत बसले आणि अर्धा तास कोणी कोणास ऐकेना.

"मी बाईच्या हुकमानं गाडी वळवणार नाही," हाजी म्हणाले.

"घरी वळता, ते कोणाच्या?" मामांनी पुसिले.

मोठा बाका प्रसंग, परंतु मामांनीच पडते घेतले. आधी हाजींच्या यंत्राने फौज नेली, आणि ते मोठ्या डौलाने बोलत बोलत सर्वांस एका दगडखाणीच्या काठी उभे करोन गप्प जाहले. मग मामांच्या यंत्राने नेतृत्व घेतले, आणि बाईने अतिशय गोड आवाजात मुक्काम आल्याची वर्दी दिली, तो समोर कुक्कुटपालनाचे खुराडे. नाइलाजे राकानचे यंत्र पुढे जाहले, मामांनी ते दोन्ही हातांनी काचेवर दाबोन धरिले, आणि त्याने ऐन तीना गावात शिरोन एका दारी आणिले, जेथे आल रुमैह ऐसी पाटी होती.

दारी शेख अबू फवाज नामे वृद्ध झगा घालोन कोठे तरी निघाले होते. बावीस पाहुणे पाहताच त्यांनी पायातले जोडे काढिले आणि सर्वांस आत बसविले. पाहुण्यास कामकाज पुसू नये ही त्या मुलखाची रीत. कहवा, म्हणजे अरबी कॉफी, आला, आणि हाजींनी नव्वद वेळांच्या सवयीने पेला न पिता पुढ्यात ठेविला. ऐसा पेला ठेविला म्हणजे मागणी आहे; यजमान "कहवा घ्या" म्हणाला म्हणजे मागणी मान्य.

पेला ठेविल्यावर हाजींनी मान वर केली, तो घरात मिठाई नाही, मुलीचा बाप नाही. घर चुकले! आडनाव तेच, घर निराळे. मागणी घालावी तर कोणाची, आणि चुकलो म्हणावे तर नव्वद विजयांस काळिमा. राकान बोलावयास उठो लागला. परंतु जाहेत नवऱ्या मुलाने तोंड उघडो नये. मग हाजी खाकरले.

"शेख, आम्ही अम्मानहून आलो ते एका निवाड्यासाठी. आमच्याकडे तीन यंत्रं आहेत. त्यातलं कोणतं घ्यावं, ते तुम्ही सांगावं."

शेख अबू फवाज सरसावोन बसले. मग तिन्ही यंत्रे मागवोन गालिच्यावर मांडविली आणि तिन्हींची हकीकत गंभीरपणे ऐकिली.

"माझ्या दारात पाहुणे कोणी आणले?" त्यांनी पुसिले.

मामांनी राकानच्या यंत्राकडे बोट दाखविले.

"मग यात निवडायचं काय राहिलं? ते ठेवा. बाकीच्या दोघांनी खाण आणि कोंबड्या दाखवल्या. घ्या, कहवा घ्या."

निवाडा जाहला, सर्वांनी पेले रिते केले आणि उठो लागले, तो शेखांनी हुकूम सोडिला की, बकरा कापावा, जेविल्याखेरीज कोणी उंबरा ओलांडो नये. हाजींची नकार द्यावयाची बिशाद नव्हती. खिडकीत ऊन तांबडे होत चालिले आणि राकानच्या खिशातला फोन वाजला.

"कुठे मेलायस रे?" हदील बोलत होती. "बाबा दारात येरझाऱ्या घालतायत, आणि तो चुलतभाऊ नवे बूट घालून बसलाय! त्यात आमच्याकडून उत्तर द्यायचं ते अबू फवाजकाकांनी, तर तेही आले नाहीत. कोणी बावीस आगंतुक त्यांच्याकडे ठाण मांडून बसलेत म्हणे, उठायचं नावच घेत नाहीत!"

राकान उभा राहिला, आणि रीत मोडोन भर बैठकीत बोलिला.

"काका, ते आगंतुक आम्हीच. मी हदीलला मागायला आलोय. यंत्र माझंच चुकलं, पण उशीर झाला तर ती जाईल हो हातची!"

हाजींनी डोळे मिटले. शेखांनी राकानकडे पाहिले, हाजींकडे पाहिले, आणि ऐसे हसले की दाढीवर कहवा सांडला.

"म्हणजे माझ्याच पुतणीची मागणी मीच अडवून बसलोय? अरे उठा! बकऱ्याला सोडा, जोडे घाला!"

मग सातही गाड्या गल्लीबोळांतोन उधळल्या, शेख राकानशेजारी बसोन हाताने वाट दाखवीत, आणि मांडीवर पडलेले विजयी यंत्र मागे फिरण्याचा हुकूम देत. सूर्याची कोर डोंगरावर असता स्वारी मुलीच्या दारी पोहोचली. कहवा फिरला. हाजींनी पेला पुढ्यात ठेविला. उत्तर देणाऱ्याच्या आसनावर शेख अबू फवाज बसले आणि त्यांनी फर्माविले:

"हाजी, या वेळी नीट आठवून मागा."

हाजींनी हदीलचा हात मागितला, आणि शेख म्हणाले, "कहवा घ्या."

एक्याण्णवावी फत्ते जाहली. निवाड्याप्रमाणे यंत्र राकानच्या गाडीस कायम जाहले. त्या वेळी राकान हमसून हमसून रडला. हे बखरीत घालो नये ऐसी हाजींची सक्त ताकीद होती, परंतु हाजी स्वतः डोळे पुशीत होते, सबब ती ताकीद मानिली नाही.