पंचवीसपैकी शून्य

रामटेके वर्गातही हेल्मेट काढत नसत. आमच्या ट्रेनिंग सेंटरच्या त्या खोलीत एसी आहे, गुबगुबीत खुर्च्या आहेत, डोक्यावर पडायला साधा पंखासुद्धा नाही. तरी हा गृहस्थ पहिल्या रांगेत, हनुवटीखाली पट्टा आवळून बसायचा. पहिल्याच दिवशी मी कारण विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "सर, फर्नेसवर काय पडन ते मले माहीत आहे. इथं काय पडन, ते माहीत नाही."

इथं पडणार होता एआयचा कोर्स. भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या आमच्या कंट्रोल रूममध्ये नवी यंत्रणा येत होती. कोणतं मशीन कधी बिघडणार हे ती आधीच सांगणार, आणि ती चालवायची तर ऑपरेटरांनी परीक्षा पास व्हायची. तीन संधी. तिन्ही हुकल्या की रवानगी स्टोअरमध्ये. शिकवणारा मी. मी स्वतः हे सगळं जेमतेम दीड महिन्यापूर्वी शिकलो होतो, पण ते वर्गाला सांगायची काही गरज नव्हती.

रामटेके एकोणसाठ वर्षांचे. रिटायरमेंटला एक वर्ष. कंट्रोल रूममधल्या एकाच खुर्चीवर त्यांनी तीस वर्षं काढली होती. रजेवर असले तरी फोन करून विचारायचे, "माह्या खुर्चीवर कोण बसून राहिला?" अशा माणसाला स्टोअरमध्ये नटबोल्टांच्या पेट्यांपुढं बसवणं म्हणजे त्याची नोकरी वर्षभर आधीच संपवणं होतं.

वर्गात मात्र त्यांनी माझा जीव मेटाकुटीला आणला. माझं वाक्य संपलं की हात वर. "एक डाऊट आहे, सर." मशीन जुन्या बिघाडांवरून शिकतं, असं मी सांगितलं. "मंग जो बिघाड कधी झालाच नाही, तो त्याले कोण शिकवन?" मी पुढची स्लाइड लावली. "सेकंड शिफ्टवाल्यानं खोटं रीडिंग लिहिलं, तर हे बी खोटं बोलन का?" वर्ग हसायचा. रामटेके हसत नसत. प्रत्येक डाऊट ते लाल शाईनं वहीत उतरवायचे आणि खाली अर्धं पान कोरं सोडायचे. मी उत्तर दिलं तरी ते पान कोरंच. मला वाटायचं, माझं शिकवणं त्या हेल्मेटच्या आत शिरत नाही.

पहिल्या परीक्षेत त्यांना पंचवीसपैकी दोन मिळाले. "काका, पेपर मशीनलेच देऊन द्या," म्हणून बरोबरच्या पोरांनी टिंगल केली. दुसऱ्या परीक्षेत शून्य.

त्या शून्याकडे मी बराच वेळ बघत बसलो. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय होते. डोळे मिटून खुणा केल्या तरी अंदाजपंचे पाच-सहा बरोबर येतात. पंचवीसच्या पंचवीस चुकवायचे, तर बरोबर उत्तर कोणतं हे दर वेळी माहीत असावं लागतं. मी भडकलो. हा माणूस महिनाभर माझी फिरकी घेत होता.

कॅन्टीनमध्ये गाठून मी तो पेपर त्यांच्यासमोर ठेवला. "रामटेकेजी, हे काय चाललंय?"

ते चहात बिस्कीट बुडवत राहिले. मग हळू म्हणाले, "सर, माहा निखिल घरी आहे."

निखिल त्यांचा एकुलता मुलगा, सत्तावीसचा. पुण्यात सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करायचा. ते काम एआय करू लागलं आणि कंपनीनं त्याच्या टीममधल्या बऱ्याच जणांना घरी पाठवलं. तेव्हापासून सात महिने तो भिलाईतच, रुआबांध्याच्या घरात मागच्या खोलीचं दार लावून पडून होता. आई ताट दाराशी ठेवायची.

"बोलनंच बंद होतं, सर. हिंदीत नाही, मराठीत नाही. तुमच्या कोर्सचं पुस्तक घरी नेलं. एक डाऊट खराच समजला नव्हता, तो दाराबाहेरूनच विचारला. पोरगं बाहेर आलं. दोन घंटे शिकवलं त्यानं मले, अन् आमच्या संग जेवला. आता रोज संध्याकाळी सातले येऊन बसते, माह्या डाऊटची वाट पाहते. पास झालो तर काय निमित्त उरन? नापास झालो तर डाऊट विचारत राहीन."

"आणि खुर्ची?"

"जाऊ द्या," ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

मला माझ्या रागाची लाज वाटली. तरीही तीस वर्षांची खुर्ची अशी सोडून देणं काही मनाला पटेना. तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, त्यांची समजूत घालायची म्हणून मी रुआबांध्याला गेलो. दार निखिलनं उघडलं. टेबलावर ती वही होती. लाल डाऊटांखालची कोरी जागा बारीक निळ्या अक्षरांनी गच्च भरली होती. रामटेके आत चहा करत होते.

निखिलनं मला बसवलं आणि आवाज खाली आणला. "काका, पप्पांवर रागावू नका. ते मंद नाहीत, परीक्षेला घाबरतात. उन्हें थोड़ा टाइम लगता है." जरा थांबून म्हणाला, "मले हैदराबादहून ऑफर आली आहे. एआयनं केलेलं काम तपासायचं. पप्पाले शिकवता शिकवताच माझी इंटरव्ह्यूची तयारी झाली. उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचं आहे. पप्पा नापास झाले तर नाही म्हणून देतो. त्यांना तसं सोडून मी कुठंच जाणार नाही. खुर्ची गेली तर पप्पा खचून जातील, काका."

रामटेके ट्रे घेऊन दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे. कप ठेवताना त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही. चहात साखर नव्हती. आम्ही तिघांनी तो तसाच प्यायला, आणि मी ज्यासाठी आलो होतो ते न बोलताच परत निघालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बारा मिनिटांत पेपर दिला. मी तिथंच तपासला. पंचवीसपैकी पंचवीस. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कोणी त्यांचे खांदे दाबले, आणि हळूहळू सगळे शिफ्टला गेले. रामटेके मात्र पहिल्या रांगेतून उठेनात.

"अभिनंदन," मी म्हणालो. "घरी जा आता. निखिलला सांगा."

"सांगतो, सर." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "जरासा बसू द्या. मी गेलो का तो बॅग भरायले बसन."